मागच्या खोलीची गच्ची

रुपराव बोंद्रे घरांना बाहेरून रंग द्यायचा. आतल्या खोल्या, दारं-खिडक्या अशी कामंही तो घेई, पण त्याचं नाव होतं ते बाहेरच्या भिंतींसाठी. घर पारडीला. पूर्व नागपुरातल्या नव्या वस्त्यांमध्ये कोणाच्या पश्चिमेच्या भिंतीनं ओल धरली की लोक त्यालाच शोधत येत, कारण पावसाचा खरा मारा त्याच भिंतीवर बसतो. रुपराव आधी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून पाही. जिथं आवाज पोकळ येई तिथला गिलावा तो काढायलाच लावी. घरमालक कुरकुरला तरी भेगा भरून, भिंत पाण्यानं भिजवून मगच रंगाचा डबा उघडी. वीस वर्षांत त्यानं रंगवलेली भिंत पहिल्याच पावसाळ्यात डागाळली असं झालं नव्हतं, आणि ही गोष्ट तो स्वतःहून कधी बोलत नसला तरी मनात ठेवून असे.

चौऱ्याहत्तर साली पाऊस लांबला. मृग कोरडा गेला, जून संपला तरी आभाळ नुसतं भरून येई आणि निघून जाई. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नंदनवनातल्या मधुकरराव गुरुजींनी रुपरावला निरोप धाडला. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी पुष्पलता बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगा होऊन दहा दिवस झाले होते. तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं, आणि त्या खोलीची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात आतून ओली होत असे. पाऊस यायच्या आत भिंतीचा बंदोबस्त करून दे, असं गुरुजींचं म्हणणं होतं.

मागची खोली मूळ घरापेक्षा जुनी होती. गुरुजींनी प्लॉट घेतला तेव्हा तेवढीच तिथं उभी होती. दोन लोखंडी गर्डर, त्यांच्यावर दगडी फरश्या आणि वर चुन्याचा थर, असं तिचं छत. पुढचं सिमेंटचं घर नंतर झालं आणि ते उंच झालं. त्यामुळं पुढच्या गच्चीचं पाणी मागच्या गच्चीवर उतरे आणि तिथून कठड्याच्या पायथ्याशी असलेल्या एकाच पन्हाळीतून बाहेर पडे. खिडकीच्या गजांना रंग देताना रुपरावनं आतून गर्डर पाहिले होते. एकाला गंजाचे पापुद्रे आले होते. त्यानं गुरुजींना तसं सांगितलंही होतं. गुरुजी म्हणाले होते, दिवाळीनंतर पाहू.

पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटच्या रंगाचा दुसरा हात देऊन झाला त्या दुपारी एकदम सर आली. वारा नसल्यामुळं सर सरळ पडत होती, पण पन्हाळीचं तोंड आखूड होतं. गच्चीवरचं पाणी ओल्या रंगावरून ओघळलं असतं आणि सगळ्या भिंतीवर पट्टे उठले असते. रुपराव धावत वर गेला. जवळचं जुनं धोतर फाडलं, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि पन्हाळीच्या आत ब्रशच्या दांड्यानं ठासून घातलं. सर दहा मिनिटांत थांबली. भिंत वाचली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुढच्या फाटकाचं काम उरकलं, आणि त्याच संध्याकाळी सावनेरजवळच्या खाप्याहून ताराचंदशेठचा माणूस त्याला न्यायला आला. शेठच्या घरी श्रावणात मोठी पूजा होती, दारं-खिडक्यांना रंग हवा होता. रुपराव आणि त्याचा जोडीदार देवराव सामान घेऊन खाप्याला गेले.

खाप्यात पाच दिवस झाले आणि झड लागली. एकसारखा पाऊस, मध्ये उसंत नाही. शेठच्या घरातलं काम आतलं असल्यामुळं अडत नव्हतं, फक्त रंग लवकर वाळत नव्हता. झडीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी रुपराव माजघराच्या खिडकीशी उभा राहून चौकटीला दुसरा हात देत होता. समोर शेठच्या गच्चीची पन्हाळी होती. तिच्यातून मनगटाएवढी जाड धार अंगणातल्या दगडावर पडत होती. तो ती पाहत होता, पाहता पाहता त्याचा हात थांबला.

नंदनवनातलं धोतर आपण काढलं का?

त्यानं आठवून पाहिलं. बोळा आत ठासताना दांडा हाताला कसा लागला ते आठवलं. भिंतीवर पट्टा नाही हे पाहून बरं वाटलं होतं, ते आठवलं. फाटक, फाटकाचा काळा रंग, शेठचा माणूस, सगळं आठवलं. पण बोळा ओढून काढल्याचं काही केल्या आठवेना. त्यानं डोळे मिटले. काढला असेल, आपण असं काम टाकून येत नाही, असं स्वतःला सांगितलं. हातातल्या ब्रशवरचा रंग मात्र खाली ठिबकत होता.

“काहून थांबला गा?” देवरावनं विचारलं.

रुपरावनं त्याला सांगितलं. देवराव म्हणाला की घरात माणसं आहेत, कोणी ना कोणी वर जाऊन पाहिलं असेल. रुपराव म्हणाला, एवढ्या पावसात वर कोण जाणार? गेलं तरी पन्हाळीच्या आत पाणी साचल्यावर काय दिसणार? आणि पुढच्या गच्चीचंही पाणी तिथंच येतं. तीन दिवसांचं दोन गच्च्यांचं पाणी, खाली गंजलेला गर्डर, आणि गर्डरखाली बाळंतीण. हे शेवटचं त्याच्या तोंडून निघालं नाही. त्यानं ब्रश तेलात बुडवून ठेवला, डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि ताराचंदशेठला सांगायचं काम देवराववर सोपवून बाहेर पडला.

स्टँडवर कळलं की सकाळपासून एकही गाडी आली नाही. सावनेरच्या वाटेवरच्या नाल्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं. तिथं कंट्रोलरनं त्याला दुपारपर्यंत थांबून पाहायला सांगितलं. रुपराव थांबला नाही. तो पायीच निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, शेतं पाण्याखाली होती. चालताना त्याच्या डोक्यात हिशेब चालू होता. एक फूट पाणी साचलं तर किती वजन? कठडा दीड फुटाचा. म्हणजे दीड फुटापर्यंत पाणी थांबणार. मग कठड्यावरून वाहून जाईल, चांगलंच आहे. पण कठडाच आधी गेला तर? कठडा बाहेर पडेल की आत? आत पडला तर फरशी धरेल का? त्याला वजनाचा आकडा काढता येत नव्हता, तरी तो पुन्हा पुन्हा काढायला जाई आणि प्रत्येक वेळी त्या खोलीतल्या बाजेपाशी येऊन अडे.

नाल्यापाशी पंधरावीस माणसं उभी होती. पुलावरून मांडीइतकं लाल पाणी चाललं होतं, कठड्याचे फक्त शेंडे दिसत होते. लोकांनी त्याला अडवलं. एक म्हातारा म्हणाला की काल एक बैल इथूनच गेला. रुपराव अर्धा तास थांबला. पाणी वीतभर उतरल्यासारखं वाटलं, पण ते खरं उतरलं की त्याला तसं हवं होतं म्हणून वाटलं, हे त्यालाही कळलं नाही. दोन गडी दोराला धरून पलीकडून येत होते. ते पोचल्यावर त्यांचाच दोर धरून तो निघाला. मध्यावर एकदा पाय सुटला आणि तो छातीपर्यंत पाण्यात गेला. पलीकडे लागल्यावर त्यानं मागं वळून हातही केला नाही, तसाच चालू लागला.

सावनेरला त्याला एक ट्रक मिळाला. तो नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात माल उतरवायला चालला होता. ड्रायव्हरनं त्याला शेजारी बसवलं, ओला सदरा पाहून बिडी पुढे केली. घरी कोणी बिमार आहे का, असं त्यानं विचारलं. रुपराव हो म्हणाला. दुसरं काय सांगावं ते त्याला सुचलं नाही. ट्रक खड्ड्यांतून हळूहळू जात होता आणि रुपराव काचेबाहेर दिसणाऱ्या प्रत्येक घराच्या गच्चीकडे पाहत होता. ड्रायव्हरनं त्याला नागपुरात सदर भागात सोडलं. तिथून सायकलरिक्षा मिळायला वेळ लागला. मिळाली ती नाग नदीच्या अलीकडेच थांबली, पुढं रस्त्यावर पाणी होतं. उरलेली वाट तो धावत गेला. नंदनवनात पोचला तेव्हा चार वाजले होते.

घर उभं होतं. हे पाहून तो क्षणभर फाटकाला धरून उभा राहिला.

दार गुरुजींनी उघडलं. असा भिजून, चिखलानं माखून आलेला रुपराव पाहून ते चकित झाले. रुपरावनं एवढंच विचारलं की मागच्या खोलीत कोण आहे. गुरुजी म्हणाले, पुष्पा आणि बाळ आहेत, कालपासून छत गळतंय म्हणून बाज थोडी सरकवली आणि खाली दोन बादल्या ठेवल्या. रुपराव चिखलाच्या पायांनी सरळ आत गेला. खोलीत बाळंतशेपांच्या धुरीचा वास होता. छतातून एका जागी नव्हे, पाच-सहा जागी पाणी ठिबकत होतं. गंजलेल्या गर्डरच्या बाजूनं चुन्याची बारीक वाळू झरत होती आणि जमिनीवर तिची रेघ पडली होती. पुष्पलता बाजेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. गुरुजींची मोठी विधवा बहीण सुभद्राबाई खाली बसून बाळाला तेल चोळत होत्या.

“गुरुजी, ह्यांले बाहेर काढा,” रुपराव म्हणाला. “छतावर पाणी भरलं आहे. हे छत पडन.”

कुसुमताई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या की पुढच्या खोलीत वारा आहे, ओली बाळंतीण तिथं कशी न्यायची, आधी वर जाऊन काय ते पाहा. गुरुजी छताकडे आणि रुपरावकडे आळीपाळीनं पाहत होते. इतकी वर्षं डोक्यावर असलेलं छत पडेल हे त्यांच्या मनात शिरत नव्हतं. सुभद्राबाईंनी मात्र रुपरावच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. तेलानं माखलेलं बाळ लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि उठून चालू लागल्या. “पुष्पा, चाल वं,” एवढंच त्या म्हणाल्या. बाळ गेलं तशी पुष्पलताही मागोमाग गेली.

रुपराव जिन्यानं वर गेला आणि पुढच्या गच्चीवरून मागच्या गच्चीकडे पाहिलं. ती गच्ची राहिलीच नव्हती, हौद झाला होता. पाणी कठड्याच्या काठाला टेकलं होतं आणि एका कोपऱ्यातून पातळसं बाहेर सांडत होतं. तो त्यात उतरला. पाऊल टाकताना खालची फरशी आपलंही वजन झेलते आहे हे त्याला जाणवत होतं, म्हणून तो भिंतीच्या कडेकडेनं गेला. पन्हाळीत हात घातला. बोळा तिथंच होता. भिजून फुगला होता, लाकडासारखा घट्ट. बोटांनी पोत्याच्या चिंध्या निघत होत्या, आतलं धोतर हलत नव्हतं. पाण्यात तोंड बुडवून त्यानं दोन्ही हातांनी ओढलं. नखं उलटली. मग त्यानं वरून गुरुजींना हाक मारून लोखंडी पहार मागितली, ती पन्हाळीत घातली आणि पायानं रेटली. तिसऱ्या रेट्याला बोळा बाहेरच्या बाजूनं सुटला आणि त्याच्यामागं पाण्याचा लोट अंगणात पडला.

पाणी निम्मं उतरलं असेल तेव्हा खालून आवाज आला. मोठा नव्हता, कोणी जड पेटी टाकावी तसा. रुपराव खाली आला तर खोलीच्या दारात सगळे उभे होते. छतातली एक फरशी मधून तुटून अर्धी खाली आली होती. ती बाजेच्या डोकेकडच्या बाजूला पडली होती. बाजेचा पाय मोडला होता आणि उशीवर चुना आणि दगडाचे तुकडे होते. पुष्पलतेनं बाळ आत्याकडून घेतलं आणि पाठ फिरवून पुढच्या खोलीत जाऊन बसली.

गुरुजींनी रुपरावचा हात धरला. त्यांनी त्याला आपलं कोरडं धोतर दिलं, शेगडीजवळ बसवलं, चहा दिला. खाप्याहून कसा आलास, ते विचारलं. रुपराव म्हणाला की गर्डर गंजलेला पाहिला होता, झड लागली तसं राहवलं नाही. हे खोटं नव्हतं. गुरुजींचे डोळे भरून आले.

“देवासारखा आला तू, रुपराव,” ते म्हणाले.

रुपराव तेव्हाच सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. पण कुसुमताई अंगणातून आत आल्या. त्यांच्या हातात बोळ्यातला चिखललेला पांढरा कपडा होता. हे पाहा काय निघालं, असं त्या म्हणाल्या. बाळाचे लंगोट जुन्या धोतरांचेच केले होते, सुभद्राबाई रोज ते धुऊन मागच्या गच्चीवर वाळत घालत, आणि चार दिवसांपूर्वी दोन लंगोट मोजणीत कमी आले होते. तेच पन्हाळीत वाहून जाऊन अडकले, असं त्यांनी ठरवून टाकलं. कुसुमताईंनी आवाज चढवला नाही. किती वेळा सांगितलं की कपडे दांडीवर घाला, कठड्यावर घालू नका, पण यांच्या काही ध्यानात राहत नाही, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. गुरुजींनी बहिणीकडे पाहिलं.

सुभद्राबाई तो कपडा हातात घेऊन उलटसुलट करत राहिल्या. चिखलानं तो ओळखू येण्याजोगा राहिला नव्हता.

“माह्याच हातून झालं असंन,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

रुपरावच्या हातात चहाची बशी होती. त्यानं ती तोंडाला लावली. मग उरलेल्या पाण्याची वाट नीट मोकळी करून, त्या खोलीत कोणी पाऊल टाकू नका असं सांगून तो निघाला. गुरुजी फाटकापर्यंत पोचवायला आले.

पारडीला घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याची बायको मनकर्णा चुलीपाशी होती. खाप्याहून अचानक काहून आलात, असं तिनं विचारलं, आणि त्यानं भाकरी पुढ्यात येण्याआधीच सगळं सांगून टाकलं. बोळ्याचं, पुलाचं, फरशी कुठं पडली त्याचं, आणि त्या म्हातारीचं. मनकर्णा ऐकून घेत होती. भिंती खरवडायच्या कामाला ती त्याच्यासोबत पुष्कळदा जाई, गुरुजींच्या घरीही ती दोन दिवस गेली होती आणि सुभद्राबाईंनी तिला दुपारी ताक दिलं होतं.

“मंग तिले काय म्हणून राहिले ते आता?” तिनं विचारलं.

रुपराव म्हणाला, मला माहीत नाही, मी निघून आलो. आणि मग आपलं नाव, वीस वर्षांचं काम, ही गोष्ट एकदा पसरली की नंदनवनात पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हे तो बोलू लागला. जीव तर वाचले ना, असंही म्हणाला. मनकर्णानं भाकरी वाढली. त्याच्यानं ती गेली नाही. सकाळपासून तो ज्या भीतीनं धावत होता ती संपली होती, आणि तिच्या जागी आलेली दुसरी भीती त्याला तितकी मोठी दिसत नव्हती, पण ती उठूही देत नव्हती आणि बसूही देत नव्हती.

सकाळी पाऊस उघडला. रुपराव चहा न घेताच नंदनवनात गेला. गुरुजींच्या ओसरीवर एक ट्रंक आणि गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. सुभद्राबाई त्यांच्यापाशी पाय आखडून बसल्या होत्या. गुरुजी खुर्चीवर बसून काटोलच्या पुतण्याला, चंपतरावला, चिठ्ठी लिहीत होते. ताईचं आता वय झालं, तिच्या हातून काही झालं तर घरात तान्हं मूल आहे, चार महिने तिकडे राहू दे, असं ते रुपरावलाच समजावून सांगू लागले. रात्रीपासून बाळ ताईच्या हाती दिलेलं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आतून बाळ रडल्याचा आवाज आला तेव्हा सुभद्राबाई उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. ते रुपरावनं पाहिलं.

“गुरुजी, तो कपडा माहा होता,” तो म्हणाला. “मीच कोंबला होता. भिंतीचा रंग खराब होऊ नाही म्हणून. अन् काढाले विसरलो.”

गुरुजींनी टाक खाली ठेवला. कुसुमताई दारात येऊन उभ्या राहिल्या. रुपरावनं मग सगळं क्रमानं सांगितलं, सरीपासून ताराचंदशेठच्या खिडकीपर्यंत. काही वगळलं नाही.

“काल काहून नाही सांगितलं?” गुरुजींनी विचारलं.

“तुम्ही चहा देल्ला. हात धरला. मंग तोंडच उघडलं नाही.”

गुरुजी उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी त्याला शिवी दिली नाही. ते शिव्या देणारे गृहस्थ नव्हते. पण आपल्या नातवाच्या उशीवर पडलेला दगड तू पाहिलास आणि चहा पिऊन गेलास, एवढं ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, आणि फाटकाकडे बोट दाखवलं. रुपराव पायरी उतरू लागला. तेव्हा सुभद्राबाई बोलल्या.

“थांब गा,” त्या म्हणाल्या. “मी रातभर बसून आठवून राहिली, कपडा कुठं ठेवला म्हणून. दांडीवर घातला तं आठवे, मंग वाटे नाही घातला. मले वाटलं माहं डोस्कं गेलं आता. माही माय अशीच झाली होती, घरचे तिले ओळखू येत नोते. ते भेव वाटलं मले. गावाले जायाचं मले काही वाटलं नाही.”

त्यांचा आवाज रागाचा होता. रुपरावला माफी मागायची होती, पण त्या बोलून झाल्यावर तिथं माफीसाठी जागा उरली नव्हती. तो खाली मान घालून गेला. जाताना त्यानं कुसुमताईंना वाकून ट्रंकेची कडी उचलताना पाहिलं. ट्रंक त्या परत आत नेत होत्या.

चार-पाच दिवस तो खाप्याला परत गेला नाही आणि दुसरीकडेही गेला नाही. दारात कोणी आलं की गुरुजींनी कोणाला तरी पाठवलं, पोलिसात कळवलं, असं त्याला वाटे. शेवटी निरोप आला तो साधाच होता: येऊन जा. गुरुजींच्या ओळखीच्या एका इंजिनिअरनं छत पाहिलं होतं. गर्डर गंजला होता हे खरं, पण पाणी साचलं नसतं तर अजून काही वर्षं निघाली असती, असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. रुपरावनं ते ऐकून घेतलं. जुनं छत उतरवण्यापासून भिंत नव्यानं रंगवण्यापर्यंत त्याच्या हातानं होईल ते सगळं काम त्यानं अंगावर घेतलं, आणि गुरुजींनी ते त्याला करू दिलं. त्यात क्षमा होती की शिक्षा, हे त्याला कळलं नाही. रोज संध्याकाळी गुरुजी काठी टेकत येत, काम पाहत आणि दोनदोनदा तेच विचारत. पूर्वी ते कधी पाहायलाही येत नसत. नंदनवनातली दोन कामं त्याच्या हातून गेली. तिसऱ्या घरवाल्यानं मात्र त्याला बोलावून घेतलं. गुरुजींना विचारलं होतं, असं तो म्हणाला, पण ते काय म्हणाले ते त्यानं सांगितलं नाही.

सुभद्राबाई त्याच्याशी बोलत नसत. मनकर्णा सोबत असली की तिच्याशी बोलत, तिला बसायला पाट देत. बाळ दिवसभर त्यांच्याच मांडीवर असे.

कार्तिकात पुष्पलतेला न्यायला तिचा नवरा वर्ध्याहून आला. बाळ आत्याशिवाय झोपत नाही म्हणून तिनं सुभद्राबाईंनाही दोन महिने सोबत न्यायचं ठरवलं. त्या दिवशी रुपराव शिडीवर होता, पश्चिमेच्या भिंतीला पहिला हात देत होता. ऊन कोवळं होतं. खाली रिक्षात सामान भरलं जात होतं. पुष्पलतेचा नवरा सामानापाशी बसला, ती बाळाला घेऊन दुसऱ्या रिक्षात बसली, मग सुभद्राबाई बसायला आल्या आणि शिडीपाशी थांबल्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी वर पाहिलं.

“तुले लेकरं किती गा?” त्यांनी विचारलं.

“दोन पोरी, माय,” रुपराव म्हणाला. “मोठी सातवीत आहे.”

त्यांनी मान हलवली. मग पदर सावरून रिक्षात चढल्या, बाळाला मांडीवर घेतलं, आणि रिक्षावाल्यानं पायडल मारलं.